खेळाडूची खतावणी

रत्नागिरीच्या बाजारपेठेला हंगाम म्हणजे काय हे कोणी शिकवावे लागत नाही. हापूसचे कलम लावल्यावर काही वर्षे केवळ खर्चाची असतात. मग मोहोर येतो, फळ धरते आणि मार्च ते मे या तीन महिन्यांत पेट्या वाशीच्या बाजारात रवाना होतात. त्या तीन महिन्यांत जे हाती येईल त्यावर बागायतदाराचे, आडत्याचे आणि त्यांना उधारीवर माल देणाऱ्या दुकानदाराचेही पुढचे वर्ष उभे राहते. हंगाम थोडा आणि वर्ष मोठे, हे गणित ज्याला जमले तो टिकला.

व्यावसायिक खेळाडूचे आयुष्य याच गणितावर चालते, फक्त तेथे हंगाम एकदाच येतो. वयाच्या विसाव्या वर्षाच्या आसपास तो सुरू होतो आणि पस्तिशीच्या आत बहुधा संपतो. आधीची दहा-बारा वर्षे गुंतवणुकीची, नंतरची तीस-चाळीस वर्षे त्या कमाईवर किंवा दुसऱ्या उद्योगावर काढावयाची. आज कबड्डी, खो-खो, हॉकी अशा खेळांच्या लीग सुरू झाल्या आहेत आणि व्यापारी घरांतील मुलेमुलीही त्या वाटेकडे पाहू लागली आहेत. “दुकान कोण पाहणार?” या प्रश्नाच्या जोडीला “खेळातून पोट भरेल का?” हा प्रश्न घराघरांत येऊ लागला आहे. त्याचे उत्तर शोधताना महाराष्ट्राच्या मातीतील एका मोठ्या हॉकीपटूची कारकीर्द आणि सातासमुद्रापलीकडील बर्फावरच्या हॉकीचा शंभर वर्षांचा अनुभव, या दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवून वाचण्याजोग्या आहेत.

खडकीचे भांडवल

धनराज पिल्ले यांचा जन्म १६ जुलै १९६८ रोजी पुण्याजवळच्या खडकीत झाला. घराणे मूळचे तमिळ. परंतु वाढ सारी खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या कामगार वसाहतीत झाली. वडील नागलिंगम मैदानाची देखभाल करीत. आई अंदालम्मा. घरात पाच मुलगे आणि मिळकत बेताची. अशा घरात मुलाचे नाव ‘धनराज’ ठेवले गेले, त्यामागे दिवस पालटतील ही आईवडिलांची आशा होती.

या कुटुंबाजवळ भांडवल म्हणून जे होते ते एवढेच : मैदानाची जवळीक, भावाभावांची जोडी आणि मुलांना खेळू द्यावे असे ठामपणे मानणारी आई. नव्या स्टिका घेणे परवडण्यासारखे नव्हते. मोडक्या स्टिका आणि इतरांनी टाकून दिलेले चेंडू यांवर या मुलांचा सराव झाला. मैदानही मऊ आणि चिखलाचे. अशा जमिनीवर चेंडू सरळ घरंगळत येत नाही. तो अडतो, उसळतो, दिशा बदलतो. त्यामुळे मनगट आणि नजर दोन्ही तयार होतात. त्या काळातील महान आघाडीपटू मोहम्मद शाहिद हे धनराज यांचे दैवत होते आणि त्यांच्या खेळाची नक्कल करणे हेच या मुलाचे शिक्षण होते.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यास धनराज मुंबईस आले. थोरले बंधू रमेश तेथे राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स, म्हणजे आरसीएफच्या संघातून खेळत होते आणि भारतातर्फेही खेळले होते. व्यापारी घरात थोरला भाऊ आधी शहरात जाऊन पेढीवर जम बसवतो आणि मग धाकट्याला बोलावून घेतो, तसाच हा क्रम होता. पुढे धनराज महिंद्र अँड महिंद्रच्या संघात आले आणि तेथे ऑलिम्पिकपटू जोकिम कार्व्हालो यांचे मार्गदर्शन त्यांना मिळाले.

त्या काळची ही व्यवस्था समजून घेण्यासारखी आहे. मुंबईच्या हॉकीत तेव्हा खेळाडूला खेळाचा पगार मिळत नसे, नोकरीचा मिळे. कारखाने, रेल्वे, विमान कंपन्या, तेल कंपन्या आणि बँका आपापले संघ ठेवीत आणि चांगल्या खेळाडूला कामावर घेत. हजेरीपटावर तो कारकून किंवा साहाय्यक असे. दुपारनंतर मैदानावर असे. मोबदला थोडा, परंतु महिन्याच्या महिन्याला येणारा. आणि भविष्य निर्वाह निधी, वैद्यकीय सवलत, निवृत्तीपर्यंतचा आधार हे सारे त्यासोबत. गुडघा दुखावला तरी नोकरी जात नसे. आजच्या लीगच्या भाषेत ज्याला विमा म्हणावे लागेल, ते काम ही नोकरी करीत असे. धनराज यांनीही पुढे एअर इंडियात नोकरी केली.

पंधरा वर्षांची कीर्द

डिसेंबर १९८९ मध्ये दिल्ली येथील आशिया चषक स्पर्धेच्या सुमारास धनराज यांचा आंतरराष्ट्रीय प्रवास सुरू झाला आणि ऑगस्ट २००४ मध्ये अथेन्स ऑलिम्पिकबरोबर तो संपला. या काळात ते भारतातर्फे ३३९ सामने खेळले. वर्षाची सरासरी काढली तर तेवीसच्या घरात जाते. एक सामना म्हणजे सत्तर मिनिटांची धावपळ. त्याआधी आठवडेच्या आठवडे शिबिरे, परदेश प्रवास आणि दुखापती. बार्सिलोना, अटलांटा, सिडनी आणि अथेन्स ही चार ऑलिम्पिक, चार विश्वचषक, चार चॅम्पियन्स करंडक आणि चार आशियाई क्रीडा स्पर्धा त्यांच्या खात्यावर जमा आहेत. १९९४ च्या सिडनी येथील विश्वचषकानंतर जागतिक संघात त्यांची निवड झाली. १९९५ मध्ये अर्जुन पुरस्कार, १९९९-२००० साठी राजीव गांधी खेलरत्न आणि पुढे पद्मश्री असे सन्मान त्यांना लाभले.

दोन मोठी यशे त्यांच्या नेतृत्वाखाली आली. डिसेंबर १९९८ मध्ये बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत भारताने अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला पेनल्टी स्ट्रोकवर हरवले. गोलरक्षक आशिष बल्लाळ यांनी त्या दिवशी स्ट्रोक अडवून सामना फिरवला. १९६६ नंतर, म्हणजे ३२ वर्षांनी, भारताला आशियाई सुवर्णपदक मिळाले. २००३ मध्ये क्वालालंपूर येथे पाकिस्तानला ४-२ असे नमवून भारताने प्रथमच आशिया चषक जिंकला. दरम्यान २००२ मध्ये कोलोन येथील चॅम्पियन्स करंडकात भारत चौथा आला, तरी स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवड झाली ती चौतिशीतील धनराज यांची.

नावेची बाजूही आहे. सिडनी ऑलिम्पिकमध्ये उपांत्य फेरी गाठण्यासाठी पोलंडवर विजय आवश्यक होता. भारत एका गोलने पुढे होता आणि सामना संपण्यास मिनिटभराचा अवधी उरला असताना पोलंडने बरोबरी साधली. चार वर्षांची तयारी त्या एका गोलात वाहून गेली आणि भारत सातव्या स्थानावर राहिला. चार ऑलिम्पिक खेळूनही धनराज यांच्या गळ्यात ऑलिम्पिक पदक पडले नाही. खेळाच्या व्यापारात माल उत्तम असूनही भाव न मिळण्याचे प्रसंग येतात, हे या ओळीवरून ध्यानात घ्यावे.

परदेशच्या पेढ्या

देशातर्फे खेळून जे मिळत होते त्यावर घर चालणारे नव्हते. नोकरीचा पगार होता. परंतु जगातील अव्वल आघाडीपटूच्या कौशल्याचे मोल त्या पगारात नव्हते. म्हणून दोन राष्ट्रीय शिबिरांमधल्या मोकळ्या काळात धनराज परदेशी क्लबांकडून खेळू लागले. लंडनचा इंडियन जिमखाना, फ्रान्सचा एच.सी. ल्योन, जर्मनीतील स्टुटगार्टचा किकर्स संघ, मलेशियातील बीएसएन आणि टेलिकॉम मलेशिया, ढाक्याचा अबाहनी आणि हाँगकाँगचा खालसा स्पोर्ट्स क्लब, एवढ्या ठिकाणी त्यांनी आपली स्टिक चालवली.

फुटबॉलच्या क्लबांत पैशांच्या राशी असतात, तशा हॉकीच्या क्लबांत नव्हत्या. युरोपातील बहुतेक स्थानिक हॉकीपटू शिक्षण किंवा नोकरी सांभाळून खेळतात. परदेशी पाहुण्या खेळाडूला राहण्याची सोय, प्रवासखर्च आणि हंगामापुरते मानधन दिले जाते. तरीही कोकणातील माणूस आखाताला किंवा मुंबईला जाऊन चार पैसे मागे टाकतो, त्याच धर्तीची ही कमाई होती. शिवाय परक्या मैदानाची, परक्या हवेची आणि परक्या डावपेचांची ओळख होई, ती वेगळीच. १९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकपासून हॉकी कृत्रिम हिरवळीवर गेली. १९९२ पासून खेळाडू कितीही वेळा बदलण्याची मुभा आली. नव्वदच्याच दशकात ऑफसाइडचा नियम गेला. या प्रत्येक बदलाने खेळ अधिक वेगवान झाला. चिखलाच्या मैदानावर घडलेल्या खेळाडूला तो वेग पस्तिशीपर्यंत पेलता आला, त्यात या परदेशी हंगामांचा वाटा होता.

जी नोंद झालीच नाही

एवढ्या कारकिर्दीत धनराज पिल्ले यांनी गोल किती केले? या साध्या प्रश्नाचे अधिकृत उत्तर नाही. तत्कालीन भारतीय हॉकी महासंघाने खेळाडूंच्या गोलांची अधिकृत नोंदच ठेवली नव्हती. १७० हून अधिक हा आकडा सांगितला जातो; तो खुद्द खेळाडूची आठवण आणि आकडेवारीच्या अभ्यासकांची मेहनत यांवर उभा आहे. किराणा दुकानातील पोराला पाच रुपयांच्या उधारीचीही ओळ लिहावी लागते. येथे देशाच्या राष्ट्रीय संघटनेच्या वहीत आपल्या सर्वोत्तम आघाडीपटूचे खाते कोरे आहे.

ही गोष्ट केवळ आकड्यांच्या हौसेची नाही. जिथे कामाची नोंद होत नाही, तिथे मोबदल्याची मागणी करण्यास आधार उरत नाही. बँकॉकच्या सुवर्णपदकानंतर हे कटूपणे दिसून आले. ३२ वर्षांनी सुवर्ण मिळवून आलेल्या संघातील कर्णधार धनराज आणि आणखी काही ज्येष्ठ खेळाडू पुढच्या निवडीतून वगळले गेले. विश्रांती दिली, असे अधिकृत कारण पुढे आले. खेळाडूंनी थकलेल्या सामना-मानधनाविषयी जाहीरपणे तोंड उघडले त्याचे हे फळ आहे, असेच हॉकीच्या जगात व्यापकपणे मानले गेले. मालकाकडे बाकी मागितली आणि कामावरून कमी झाला, अशी वेळ एखाद्या मुनिमावर आली तर बाजारपेठेत त्याची चर्चा होते. देशाच्या कर्णधारावर ती आली, तेव्हा त्याच्या हाती ना लेखी करार होता, ना त्याच्या बाजूने उभी राहणारी खेळाडूंची संघटना. धनराज संघात परतले ते खेळाच्या जोरावर. सर्वांनाच तसे परतता येत नाही.

हा प्रश्न एका माणसापुरता किंवा एका पिढीपुरताही नव्हता. २०११ मध्ये चीनमधील ओर्डोस येथे पहिल्या आशियाई चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्ध निर्णायक पेनल्टी गोल करणारे युवराज वाल्मीकी मुंबईचे. विजयानंतर पत्रकार त्यांच्या मरीन लाइन्सच्या घरी पोहोचले, तेव्हा त्या घरात वीज नव्हती.

बर्फावरची हॉकी आणि तिची चोपडी

आता दुसरी वही उघडू. कॅनडा आणि अमेरिकेत हॉकी म्हटले की ती बर्फावरची. पायांत पात्यांचे बूट, हातात लांब काठी आणि चेंडूच्या जागी रबराची चपटी चकती. साठ मिनिटांच्या सामन्यात प्रत्येक खेळाडू पाऊण-एक मिनिट जिवाच्या कराराने खेळतो, बाहेर बसतो आणि पुन्हा उतरतो. तेथील नॅशनल हॉकी लीग १९१७ मध्ये माँट्रियल येथे स्थापन झाली. आज तिच्यात ३२ संघ आहेत. या लीगने नोंदी मात्र नेकीने ठेवल्या. वेन ग्रेट्स्की यांचे ८९४ गोल आणि ६ एप्रिल २०२५ रोजी अलेक्झांडर ओव्हेचकिन यांनी ८९५ वा गोल करून मोडलेला तो विक्रम, हे सारे तारीखवार लिहिलेले आहे.

गोलांची वही चोख असली म्हणून पैशांची वहीही चोख असते असे नाही, हा या लीगच्या इतिहासाचा पहिला धडा आहे. गॉर्डी हाऊ हे या खेळातील सार्वकालिक थोर नाव. १९४६ मध्ये ते डेट्रॉइटच्या संघात आले, तेव्हा करारासोबत त्यांनी हट्टाने मागितले ते संघाचे एक जाकीट. पुढची वीस-बावीस वर्षे ते मालकाच्या शब्दावर विसंबून सही करीत राहिले. आपण संघातील सर्वाधिक वेतनाचे खेळाडू आहोत अशी त्यांची समजूत होती. १९६८ च्या सुमारास बॉब बॉन हा नवा सहकारी संघात आला आणि त्याने आपल्या वेतनाचा आकडा सांगितला. तो हाऊंच्या वेतनाहून कितीतरी मोठा होता. लीगमधील सर्वांत नामवंत खेळाडूला आपला बाजारभाव सहकाऱ्याच्या तोंडून, तोही चाळिशीत, कळला.

त्याच संघातील टेड लिंडसे यांनी १९५७ मध्ये खेळाडूंची संघटना उभारण्याचा यत्न केला. निवृत्तिवेतन निधीचे हिशेब दाखवा, ही त्यांची मुख्य मागणी होती. त्यांची रवानगी त्या वेळच्या अगदी दुबळ्या अशा शिकागो संघात झाली. हिशेब मागणाऱ्याला दूर करण्याची रीत बँकॉकनंतरच्या प्रसंगाशी किती जुळते, हे वाचकांच्या ध्यानी येईलच. खेळाडूंची संघटना स्थिरावण्यास आणखी दहा वर्षे लागली. निवृत्तिवेतनाचा प्रश्न तर नव्वदच्या दशकात न्यायालयात गेला. कार्ल ब्रूअर, हाऊ आणि इतर निवृत्त खेळाडूंनी दावा लावला की निधीतील शिल्लक रक्कम खेळाडूंची असता क्लबांनी ती स्वतःचा भार हलका करण्यास वापरली. १९९२ मध्ये कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातील न्यायालयाने खेळाडूंच्या बाजूने निकाल दिला आणि पुढील अपिलांतही तो टिकला. तोवर अनेकांचे केस पिकले होते.

दुसरा धडा अधिक जिव्हारी लागणारा आहे. बॉबी ऑर हा बोस्टनच्या संघाचा बचावपटू. बचावपटू असूनही दोन वेळा लीगमध्ये सर्वाधिक गुण मिळवणारा. त्याचे सर्व व्यवहार ॲलन ईगलसन हे वकील पाहत. हेच गृहस्थ खेळाडूंच्या संघटनेचेही प्रमुख होते. ऑर त्यांना थोरल्या भावासारखे मानी आणि समोर येईल त्या कागदावर सही करी. १९७६ मध्ये बोस्टनच्या मालकांनी ऑर याला क्लबच्या मालकीतील १८.५ टक्के हिस्सा देऊ केला होता. ही गोष्ट त्याला सांगितलीच गेली नाही आणि तो शिकागोला निघून गेला. गुडघ्यांवर एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या, शिकागोकडून तो जेमतेम २६ सामने खेळू शकला आणि १९७८ मध्ये, तिशीत, त्याने खेळ सोडला. मग हिशेब उघडला तेव्हा कर आणि देणी मालमत्तेपेक्षा अधिक निघाली. ईगलसन यांनी १९९८ मध्ये फसवणुकीच्या आरोपांवर गुन्हा कबूल केला आणि त्यांना कारावास झाला.

दोघांच्या गोष्टीत दोष खेळाचा नव्हता. हाऊ आणि ऑर दोघांचीही कमाई खरी होती. त्या कमाईचा हिशेब दुसऱ्याच्या हाती होता आणि तो तपासण्याचा विचार त्यांच्या मनात फार उशिरा आला.

तिसरा धडा बावा यांचा. रॉबिन बावा कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात जन्मलेले पंजाबी कुटुंबातील. १९८९ मध्ये वॉशिंग्टन संघातून ते या लीगमध्ये उतरले. भारतीय वंशाचे पहिले खेळाडू. वॉशिंग्टन, व्हँकुव्हर, सान होजे आणि अ‍ॅनाहाइम या चार संघांकडून मिळून त्यांना ६१ सामने खेळायला मिळाले. एका हंगामातच संघ ऐंशीच्या वर सामने खेळतो, हे लक्षात घेतले म्हणजे ही संख्या किती थोडी ते कळेल. बाकीची सारी वर्षे त्यांनी खालच्या दर्जाच्या लीगमध्ये, लांबलांबच्या गावांत बसने प्रवास करीत काढली. शिखरावर नाव कोरले गेले, ते खरेच. परंतु व्यवसाय म्हणून पाहता बहुसंख्य खेळाडूंची कारकीर्द बावांसारखी असते, ग्रेट्स्कींसारखी नसते. घरात निर्णय करताना तुलना बावांच्या आकड्याशी करावी.

या अनुभवांतून ती लीग हळूहळू शहाणी झाली. २००४-०५ चा संपूर्ण हंगाम मालक आणि खेळाडू यांच्या वादात बुडाला. त्यानंतर प्रत्येक संघाच्या एकूण वेतनखर्चास मर्यादा आली. खेळाडूंच्या वेतनातील काही भाग अनामत म्हणून बाजूला ठेवण्याची पद्धत सुरू झाली. २०१३ च्या करारानुसार लीगच्या उत्पन्नातील निम्मा वाटा खेळाडूंचा ठरला. उत्पन्न कमी पडले तर त्या अनामतीतून मालकांची भरपाई होते, पुरेसे झाले तर रक्कम खेळाडूला परत मिळते. भागीदारीत नफातोटा वर्षअखेरीस जुळवून घेण्याची रीत व्यापाऱ्यांस ठाऊक आहेच.

आजचा लिलाव

भारतातही आता पैसा आला आहे. २००५ मध्ये सुरू झालेली प्रीमियर हॉकी लीग काही हंगामांतच आटोपली. त्यात धनराज मराठा वॉरियर्सकडून खेळले. २०१२ च्या वर्ल्ड सिरीज हॉकीत, त्रेचाळिसाव्या वर्षी, ते कर्नाटक लायन्सकडून उतरले. ती स्पर्धा एकाच हंगामाची ठरली. २०१३ मध्ये हॉकी इंडिया लीग आली आणि सरदार सिंग यांना ७८,००० डॉलरची बोली लागली. २०१७ नंतर ही लीगही बंद पडली. २०२४ मध्ये ती पुन्हा उभी राहिली, तेव्हा हरमनप्रीत सिंग यांना ७८ लाख रुपयांचा भाव मिळाला. धनराज यांच्या उमेदीच्या काळात असा लिलाव नव्हता.

रत्नागिरी जिल्ह्याच्या जवळचे खेळ कबड्डी आणि खो-खो. प्रो कबड्डी २०१४ मध्ये आणि अल्टिमेट खो-खो २०२२ मध्ये सुरू झाली. कोल्हापूर जिल्ह्यातील सिद्धार्थ देसाई यांना २०१९ च्या कबड्डी लिलावात तेलुगू टायटन्सने १ कोटी ४५ लाख रुपयांस घेतले. २०२१-२२ च्या हंगामात खांद्याच्या दुखापतीने ते सुरुवातीच्या काही सामन्यांनंतर बाहेर पडले. बोली आणि दुखापत ही एकाच धंद्याची दोन टोके आहेत. लीग बंद पडते, मालक बदलतो, खांदा निखळतो. या तीन जोखमी धरूनच ताळेबंद मांडावा लागतो.

घरात ठेवावयाची वही

ज्या कुटुंबातील मूल या वाटेने निघाले आहे, त्यांनी काही गोष्टी व्यापाराच्या शिस्तीने कराव्यात. कराराची सही केलेली प्रत घरी असावी आणि ती मुलासह घरातील आणखी एकाने शब्दशः वाचलेली असावी. दुखापत झाल्यास मानधन पूर्ण मिळणार, अंशतः मिळणार की थांबणार, उपचाराचा खर्च कोणाचा आणि रक्कम किती हप्त्यांत केव्हा मिळणार, हे त्यात शोधावे. नसेल तर विचारावे. लिलावाचा आकडा आणि हाती पडणारी रक्कम एक नसते. त्यातून उगमस्थानी करकपात होते, मध्यस्थाचे शुल्क जाते, आहार, व्यायाम आणि प्रशिक्षकाचा खर्च वजा होतो. खेळाच्या उत्पन्नाचे बँक खाते वेगळे असावे. वर्षाकाठी सनदी लेखापालाकडून विवरणपत्र भरावे. जो मध्यस्थ आहे तोच हिशेबनीस असू नये, हा ऑरच्या गोष्टीचा सरळ अर्थ आहे.

हंगामातील कमाईचा मोठा भाग हंगामानंतरच्या वर्षांचा आहे असे समजून तो दीर्घ मुदतीत ठेवावा. वैयक्तिक अपघात विमा आणि आरोग्य विमा घेताना व्यावसायिक खेळातील दुखापत त्यात धरली आहे का, हे लेखी विचारावे. अनेक योजनांत ती वगळलेली असते. पदवी पूर्ण करावी. खेळाडूंसाठी असलेली सरकारी, रेल्वेची किंवा बँकेची नोकरी मिळत असेल तर लीगच्या झगमगाटात ती कमी लेखू नये. कित्येक खेळाडूंची म्हातारपणाची भाकर लिलावाने नव्हे, त्या नोकरीने दिली आहे. आणि प्रत्येक सामन्याची नोंद, गुण, दुखापत, मिळालेले आणि न मिळालेले मानधन हे सारे स्वतःच्या वहीत तारखेसह लिहावे. संघटना लिहो वा न लिहो.

मुलींच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे, कारण त्यांच्या लीग नव्या आहेत आणि मानधन कमी आहे. लेहमध्ये हिवाळ्यातील दोन-अडीच महिनेच तळी गोठतात. तेवढ्या बर्फावर सराव करून भारताच्या महिला आइस हॉकी संघाने २०२५ मध्ये आशिया चषकात कांस्यपदक मिळवले. त्यांतील एकीलाही आज या खेळावर घर चालवता येईल अशी लीग देशात नाही. तरी त्या खेळतात. खेळाचे मोल सारेच रुपयांत मांडता येत नाही, हे व्यापाऱ्यानेही मान्य करावे. मात्र जे रुपयांत मांडता येते, ते मांडलेच पाहिजे.

खडकीच्या त्या वसाहतीत ज्या आईने मोडकी स्टिक घेऊन धावणाऱ्या पाच मुलांना थांबवले नाही, तिच्याजवळ देण्यास पैसा नव्हता. तिने परवानगी दिली. आजच्या व्यापारी घरांत परवानगीसोबत आणखी एक गोष्ट देता येते, ती पिढ्यान्‌पिढ्यांची हिशेबाची सवय. धनराज पिल्ले यांचे गोल कोणीतरी त्या त्या संध्याकाळी एका साध्या वहीत टिपले असते, तर आज १७० च्या पुढे नेमके किती, हा प्रश्न उरला नसता.